फूलबागेपासून सुरुवात करा

ग्वाल्हेरला बदली झाली असेल, मुलीला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला असेल, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत रुजू व्हायचं असेल किंवा महालेखाकार कार्यालयाचं पत्र हातात पडलं असेल. कारण काहीही असो, सामान लॉजवर टाकून बाहेर पडलात की रिक्षावाल्याला पहिला शब्द सांगा: फूलबाग. किल्ला कुठे पळून जात नाही. हजार वर्षं थांबलाय, आणखी दोन रविवार थांबेल.

स्टेशनवरून निघालं की पडावचा पूल उतरून रिक्षा दहा मिनिटांत फूलबागेच्या चौकात येते. तिथे उतरा आणि एकदा गर्रकन फिरून चारी बाजूंना बघा. उत्तरेला किल्ल्याची लांबलचक काळपट भिंत दिसेल. शहरात कुठेही हरवलात तरी ती भिंत शोधायची, म्हणजे उत्तर सापडते. दक्षिणेला शिंद्यांचा जयविलास महाल, नैर्ऋत्येला दोन-अडीच किलोमीटरवर बाजाराचं पोट म्हणावं असा महाराजबाडा, आणि मागे, ज्या पूर्वेकडून तुम्ही आलात तिकडे, स्टेशनच्या पलीकडे मुरार. एवढा नकाशा डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं असं, की हे एक शहर नाही, तीन आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं जुनं ते ग्वाल्हेर. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली. तंबूंची घरं झाली, घरांच्या गल्ल्या झाल्या, आणि नाव मात्र छावणीचंच राहिलं, ते लष्कर. इंग्रजांची छावणी ती मुरार. जुनी मंडळी अजून पत्त्यात ‘लष्कर, ग्वाल्हेर’ असं लिहितात आणि लष्करातला माणूस जुन्या भागातल्या हजीऱ्याकडे निघाला की ‘ग्वालियर जा रहे हैं’ म्हणतो. ग्वाल्हेरमध्ये राहून ग्वाल्हेरला जाणारी माणसं बघून गोंधळू नका. फूलबाग या तिन्हींच्या मध्ये पडते, म्हणून सुरुवात इथून.

पहिली संध्याकाळ बागेतच घालवा. माधवराव शिंद्यांनी ही बाग उभी केली आणि १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी ती खुली झाली. इथे पाचेक मिनिटांच्या चालीत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीची वास्तू अशी चारही ठिकाणं लागतात. एरवी गोपाळ मंदिर शांत असतं. जन्माष्टमीला मात्र राधाकृष्णाचे संस्थानकालीन रत्नजडित दागिने बँकेच्या लॉकरमधून पोलिस बंदोबस्तात आणून मूर्तींवर चढवतात. तेवढ्या एका दिवसासाठी रांग बागेबाहेर जाते. पलीकडे मोतीमहाल. १९४८ ते १९५६ या काळात मध्य भारत नावाचं राज्य होतं, त्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी इंदूर, आणि इथला कारभार या मोतीमहालातून चाले. शेजारचं तळं ते बैजाताल. बैजाबाई शिंदे या कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. दौलतराव १८२७ साली गेल्यावर सहा वर्षं राज्य त्यांनी चालवलं. कोल्हापूरकडच्या माणसाला हे तळं जरा जास्तच आवडतं, असा माझा अनुभव.

अंधार पडला की खाण्याच्या गाड्यांकडे वळा. त्या जागेचं नाव चौपाटी. समुद्र चारी बाजूंनी शेकडो किलोमीटर लांब, पण चौपाटी आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो; आता घरी फोनवर मीही सहज म्हणतो, ‘चौपाटीवर जाऊन येतो.’

चौकालगत झाशीच्या राणीची समाधी आहे. घोड्यावर स्वार झालेला उंच पुतळा लांबूनच दिसतो, पण थांबायचं ते खाली, समाधीच्या चौथऱ्यापाशी. जून १८५८च्या सुरुवातीला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी यांनी ग्वाल्हेर घेतलं. महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. पंधरवड्यात इंग्रज सेनापती ह्यू रोझची फौज येऊन ठेपली, कोटा की सराय इथे लढाई झाली आणि राणी पडली. तारीख कुणी १७ सांगतं, कुणी १८, म्हणून बलिदान मेळा दोन्ही दिवस भरतो. पहिल्या आठवड्यासाठी एक व्यवहारी सल्ला: त्या जूनमध्ये शिंदे कुठल्या बाजूला होते, या विषयावर चहाच्या टपरीवर मत देऊ नका. इथे प्रत्येकाचं मत तयार आहे, आणि ते तुमच्यापेक्षा जुनं आहे. राजकवी भा. रा. तांबे याच संस्थानचे. मुंगावलीला १८७३ साली जन्मले, ग्वाल्हेरलाच १९४१ साली वारले. राणीच्या समाधीवरची त्यांची कविता शाळेत पाठ केलेली असेल तर ती या चौथऱ्याजवळ मनात म्हणून बघा.

दुसऱ्या दिवशी लष्करात शिरा, आणि पायी. इथे माझी फजिती सांगायलाच हवी. पहिल्या सकाळी टेम्पोवाल्यानं विचारलं, ‘बाड़े चलोगे?’ मी मराठी डोक्यानं ऐकलं आणि उलट विचारलं, ‘किसके वाड़े पर?’ टेम्पोतली सहाही माणसं माझ्याकडे बघायला लागली. बाडा हा कुणा एकाचा वाडा नव्हे. महाराजबाडा हा चौक आहे. मध्यभागी जयाजीरावांचा पुतळा, भोवती टाउन हॉल, पोस्ट, बँक, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी दरवाजा. एकेका इमारतीची शैली निराळी, जणू दरबारानं कुणालाच नाही म्हटलं नाही. व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली जळालं होतं. ते पुन्हा उभं करून आता तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय केलंय.

गोरखीत शिंद्यांचं देवघर आहे आणि मन्सूरशहांचं स्थानही. मन्सूरशहा बीडचे, शिंदे घराण्याचे गुरू. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडची पाटीलकी करणारं घराणं, बीडचा सूफी, कागलची सून आणि राजधानी चंबळेच्या अंगाला. या गावाचा इतिहास एका वाक्यात असा मावतो, पण गल्ल्यांत तो मावत नाही. म्हणून पाट्या वाचत चाला. फालके बाजार, खासगी बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ, आपटे की पायगा. पायगा आपल्याला कळते. ‘गोठ’पाशी मात्र मराठी माणूस अडखळतो आणि गुरं शोधू लागतो. ‘शत्रूच्या गोटात’ म्हणताना जो गोट येतो तो डोळ्यांपुढे आणा: सरदाराचा तळ, त्याची माणसं, त्याचे घोडे. कंपूही तसाच, इंग्रजी कॅम्पचा मराठी अवतार. पत्ता शोधताना ही चावी उपयोगी पडते. ज्या गल्लीला मराठी आडनाव, ती बहुधा लष्कराच्या जुन्या भागात असणार. नगर, विहार किंवा सिटी सेंटर म्हटलं की रिक्षा उलट दिशेला वळवायची.

कंपूकडच्या टेकडीवर मांढरे की माता आहे. वाईजवळच्या मांढरदेवीशी नातं सांगणारं हे देवस्थान शिंद्यांच्या फौजेतल्या मांढरे घराण्यानं सांभाळलं. दसऱ्याला शिंदे घराण्यातला कर्ता पुरुष इथल्या मैदानात शमीपूजन करतो. तलवार शमीला टेकली की लोक पानांवर तुटून पडतात, ‘सोनं’ लुटतात. पहिला दसरा इथे असलात तर तो बघा. गावच्या सीमोल्लंघनाची आठवण येऊन घसा दाटणार, तेवढी तयारी ठेवा.

इथल्या मराठीबद्दल एक विनंती. दोनशे वर्षं इथे राहिलेल्या घरांतली मराठी तुमच्या कानाला हिंदीकडे झुकलेली वाटेल. ती ‘सुधारायला’ जाऊ नका. त्यांच्या पणजोबांनी मोडीत दफ्तरं लिहिली आहेत. ओळख करून घ्यायची तर गणेशोत्सवात किंवा ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जा, मागच्या रांगेत बसा आणि प्रसाद घेताना आडनाव सांगा. पुढचं आपोआप होतं.

घर बघण्याची घाई मात्र पहिल्या आठवड्यातच करावी लागते. जिवाजी विद्यापीठाच्या आसपास, सिटी सेंटर आणि गोविंदपुरीकडे नव्या इमारती आहेत. रस्ते रुंद, भाडं जास्त. ठाटीपूर सरकारी नोकरांचं. गोला का मंदिर आणि भिंड रस्त्याकडचा भाग विमानतळ आणि हवाई दलाच्या तळाला जवळ. लष्करातल्या जुन्या वाड्यात खोली मिळाली तर मजा आहे, चारचाकी मात्र विसरायची. घरमालकाला भाड्याच्याही आधी दोन प्रश्न विचारा: नळाला पाणी रोज येतं की दिवसाआड, आणि गच्ची कुणाच्या डोक्यावर. पहिला प्रश्न मी विचारला नव्हता, दुसराही नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली, रिकाम्या टाकीकडे बघत दोन्ही प्रश्न एकदमच सुचले. शहराचं पाणी तिघरा धरणाचं, सांक नदीवर १९१६ साली बांधलेलं. खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी जे स्वयंचलित दरवाजे प्रथम बसवले, तसेच पुढे तिघऱ्यालाही बसले. पुणेकराला इथे तक्रार करताना जरा जपूनच बोलावं लागतं. बोअरिंग असलेलं घर घ्या. मेमध्ये पारा पंचेचाळिसावर सहज जातो, तेव्हा पंख्यानं भागत नाही, कूलर लागतो. जानेवारीत धुकं उतरतं, दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात आणि पुण्याहून आणलेली शाल हास्यास्पद ठरते. इथे रजई घ्या, कापूस भरून.

मुलं शाळेत घालायची असतील तर आणखी एक कागद: समग्र आयडी. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी क्रमांक मिळतो, आणि शाळेपासून सरकारी योजनेपर्यंत तो मागतात. आधार आहे की, असं म्हणून वाद घालण्यात वेळ जातो. भाडेकरार हातात आला की समग्र आयडी आधी काढून घ्या.

आता किल्ला. पूर्ण दिवस द्या, तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. वर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाजानं गाडी वर जाते, पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजानं पायी चढावं लागतं. पाहुणे गाडीनं जातात. तुम्ही राहायला आला आहात, तेव्हा पायी चढा आणि उतरताना उरवाईकडून या, म्हणजे दरीच्या कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती वाटेत लागतील. पूर्वेला पायथ्याशीच गुजरी महाल आहे, मानसिंह तोमरानं राणी मृगनयनीसाठी बांधलेला. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची शालभंजिका तिथेच ठेवलीय. वीतभर चेहऱ्यावरचं ते हसू बघायला काच पुसून उभं राहावं लागतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

चढणीच्या वाटेवर, दम लागतो नेमक्या त्या जागी, एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. नुसती खोलीएवढी वास्तू. बहुतेक जण फोटोही न काढता पुढे जातात. आत विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा शिलालेख आहे. त्यात देवाला दिलेल्या जमिनीचं माप आहे, २७० हात बाय १८७ हात, आणि रोज देवाला वाहायच्या ५० माळा. २७० आणि ५० मधली शून्यं आपण आज काढतो तशीच, बारकी वर्तुळं. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वात जुन्या शून्यांपैकी ही. पुजारी किंवा पहारेकरी असेल तर बोट ठेवून दाखवतो. आणि ती जमीन कशासाठी दिली होती? फुलांच्या बागेसाठी. खाली माधवरावांची फूलबाग, वर हजार वर्षांपूर्वीची ही दुसरी.

वरचा मानमंदिर महाल, निळ्या फरश्या आणि पिवळी बदकं, सासबहू मंदिरं, तेली का मंदिर, गुरू हरगोविंदांच्या सुटकेची आठवण सांगणारा दाता बंदी छोड गुरुद्वारा, हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, दुपारी भूक लागली की तिथे जा.

संगीताची आवड असो नसो, डिसेंबरात हजीऱ्याला जायचं. महंमद गौसच्या दगडी जाळ्यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनची साधी, बुटकी कबर आहे आणि तिथेच तानसेन समारोह भरतो. १९२४ पासूनची ही परंपरा. सुरुवात ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद अशी दोन्हींनी होते. तिकीट नाही, बसायला जागा लवकर गेलं तर मिळते, मफलर आणि मोजे घेऊन जा. मराठी माणसानं इथे थोडं ऋणही मोजावं. हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोश्यांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि ती महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांच्याकडे मिरजेला विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. पुण्या-मुंबईच्या घराघरांत पेटीवर जे काही शिकवलं जातं, त्याची एक वाट या गल्ल्यांतून गेलेली आहे. भातखंड्यांनी १९१८ साली माधवरावांच्या आश्रयानं इथे माधव संगीत विद्यालय काढलं, राजाभैया पूंछवाले तिथले. जिवाजीगंजात हाफिज अली खाँच्या वडिलोपार्जित घरात सरोदघर आहे. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी ठरवलं, त्यानंतर चौकाचौकांत पाट्या आल्या. गाणं त्याच्या आधीपासून होतं.

समारोह संपतो न संपतो तोच व्यापार मेळा लागतो, माधवरावांनी १९०५ साली सुरू केलेला, फेब्रुवारीपर्यंत चालणारा. घरासाठी फर्निचर, रजया, भांडी तोवर थांबवता आली तर थांबवा. गाडी घ्यायची असेल तर मेळ्यात वाहनकरात सूट जाहीर झाली का ते आधी विचारा. गावातले निम्मे लोक त्यासाठीच गाडी लांबवतात. कडाक्याच्या थंडीत हातात सॉफ्टी आइस्क्रीम धरून फिरणारी कुटुंबं दिसतील. तीही खा. खाण्याचं बाकी फार सांगत नाही. सकाळी बेडई आणि जिलेबी, नया बाजारातले बहादुराचे लाडू, हिवाळ्यात मुरैन्याची गजक. गजक एप्रिलमध्ये विकत घेऊ नका.

तीनेक महिन्यांनी शहराबाहेर पडा. तोवर गावाकडच्या नातेवाइकांनी ‘तिकडे डाकू असतात ना’ असं विचारून झालेलं असेल. त्यांना सांगा, १९७२च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाशांपुढे शेकडो बागींनी बंदुका ठेवल्या, फूलनदेवीनं १९८३ साली भिंडला. बीहड मात्र अजून आहे, मातीच्या घळींचा तो मैलोगणती पसारा, आणि चंबळेत घडियाली मगरी आहेत. पहिली सहल मितावली, पडावली आणि बटेश्वरची करा, चाळीसेक किलोमीटरच्या आत. मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर गोल बांगडीसारखं बसलेलं आहे. बटेश्वरला ढिगाऱ्यांतून मंदिरं पुन्हा उभी केली आहेत. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून ते काम हाती घेतलं. पाणी आणि जेवण बरोबर न्या, तिथे काही मिळत नाही. दतिया एका दिवसात होतं, झाशीही. शिवपुरीला मुक्काम करा, शिंद्यांच्या छत्र्या संध्याकाळी बघा. कुनोला चित्ते २०२२ साली आले, पण चित्ता दिसेलच असं समजून मुलांना नेऊ नका. आणि भवभूती वाचलेला कुणी असाल तर डबऱ्याजवळच्या पवायाला जाऊन या. विदर्भातल्या पद्मपूरच्या या कवीनं ‘मालतीमाधव’ ज्या पद्मावतीत घडवलं, ती नगरी हीच असं मानतात. तिथे आज विटांचा एक ढिगारा आणि शेतं आहेत.

श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी मात्र आता बघायला मिळणार नाही. २०२०मध्ये ती बंद झाली, तिच्या जागी मोठा रूळ येतोय.

परतीचं तेवढं ध्यानात ठेवा. पुण्याला झेलम आणि गोवा एक्स्प्रेस, मुंबईला पंजाब मेल. दिवाळी आणि मे महिन्यात तिन्हींत जागा नसते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठ वाजता तयार बसा.